हवाईचे राज्य खालसा कसे झाले : १८९३ ते १८९८ या वर्षांचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या समुद्रापलीकडील विस्ताराचा इतिहास बहुतेक वेळा १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धापासून सांगितला जातो. त्या युद्धातून फिलिपिन्स, ग्वाम आणि पोर्तो रिको अमेरिकेच्या हाती आले, आणि फिलिपिन्समध्ये पुढे जो रक्तपात झाला त्याच्या छायेत त्याच उन्हाळ्यात खालसा झालेले हवाईचे राज्य झाकले गेले. हवाईत रणांगण नव्हते आणि वेढाही पडला नव्हता. तेथील राज्य व्यापारी करार, जकातीचे दर, राज्यघटना आणि संसदेचे ठराव यांच्या मार्गाने गेले. परकी सैन्य लागले ते एकदाच, आणि तेही १६२ जणांचे. एवढ्या थोड्या सैन्यावर एक मान्यताप्राप्त राज्य कसे उलथले, हा या प्रकरणातील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला त्याआधीच्या पन्नास वर्षांच्या कागदपत्रांत दिसते. दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे : हवाईच्या लोकांनी आपली झुंज कागदावरच लढवली आणि एकदा ती जिंकलीही. या विजयाची नोंद जवळपास शंभर वर्षे सरकारी दफ्तरात दुर्लक्षित पडून राहिली.

राज्य कसे होते

हवाई बेटे १८१० पर्यंत कामेहामेहा पहिला याच्या सत्तेखाली एक झाली. १८४० मध्ये तेथे लिखित राज्यघटना आली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टायलर यांनी १८४२ मध्ये या राज्याच्या स्वातंत्र्यात कोणीही हस्तक्षेप करू नये अशी भूमिका जाहीर केली, आणि २८ नोव्हेंबर १८४३ रोजी ब्रिटन व फ्रान्स यांनी संयुक्त घोषणापत्राद्वारे हवाईचे स्वातंत्र्य मान्य केले. अमेरिकेशी मैत्री आणि व्यापाराचा करार १८४९ चा. होनोलुलूमध्ये परराष्ट्रांचे वकील होते, हवाईयन भाषेत अनेक वृत्तपत्रे निघत होती, आणि इओलानी राजवाड्यात विजेचे दिवे वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसच्या आधी लागले होते. तेव्हा १८९३ मध्ये जे उलथले गेले ते आंतरराष्ट्रीय कायद्याने राज्य म्हणून ओळखले जाणारे राज्य होते. हे सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या समर्थनाचा बराचसा भाग हवाईचे लोक स्वतःचा कारभार चालवण्यास असमर्थ होते या दाव्यावर उभा राहिला.

या राज्याचे दुखणे लोकसंख्येचे होते. १७७८ मध्ये कॅप्टन कुक आल्यानंतर बाहेरून आलेल्या रोगांनी बेटांवर जो कहर केला, त्यात मूळ हवाईयनांचा मोठा हिस्सा नष्ट झाला. १८९० च्या शिरगणतीत मिश्र वंशाचे लोक धरून हवाईयनांची संख्या ४०,६२२ भरली, आणि एकूण लोकसंख्या ८९,९९० होती. आपल्याच देशात निम्म्याहून कमी झालेला समाज, आणि भोवती मळ्यांसाठी आणलेले चिनी, जपानी व पोर्तुगीज मजूर, ही त्या वेळची स्थिती होती.

मिशनऱ्यांचा प्रश्न येथे टाळता येत नाही. अमेरिकन बोर्ड या न्यू इंग्लंडमधील संस्थेचे मिशनरी १८२० मध्ये हवाईत पोहोचले. मराठी वाचकाला ही संस्था अनोळखी नाही : गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे तिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते, आणि पुढे अहमदनगरला केंद्र करून ‘ज्ञानोदय’ चालवणारे अमेरिकन मराठी मिशन याच संस्थेचे. मुंबईत मात्र कंपनी सरकारने हॉल आणि नॉट यांना परत पाठवण्याचा प्रयत्न केला होता. येथे त्यांना दुसऱ्याच्या राज्यात, त्या राज्याच्या मर्जीने राहावे लागले. हवाईत याच संस्थेचे मिशनरी राजदरबाराचे सल्लागार झाले, आणि त्यांची मुले व नातवंडे जमिनीत, व्यापारात, न्यायालयांत आणि मंत्रिमंडळात शिरली. १८९३ च्या उठावाचा सूत्रधार लॉरिन थर्स्टन हा मिशनऱ्याचा नातू होता, आणि नव्या सरकारचा प्रमुख सॅनफर्ड डोल मिशनऱ्याचा मुलगा. पहिल्या पिढीच्या मिशनऱ्यांना राज्य बळकावायचे होते असा आरोप मी करणार नाही. हवाईयन भाषेला छापील लिपी आणि शाळा त्यांच्या प्रयत्नांतून मिळाल्या. पण त्यांच्यामुळे एक असा वर्ग तयार झाला, जो जन्माने हवाईचा, निष्ठेने अमेरिकेचा आणि मालमत्तेने दोन्हीकडचा होता.

जमिनीची व्यवस्था याच काळात बदलली. १८४८ च्या ‘महेले’ या वाटणीने पूर्वी सामायिक वहिवाटीत असलेली जमीन राजा, सरकार आणि सरदार यांच्यात विभागली गेली, आणि १८५० मध्ये परदेशी व्यक्तींनाही जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली. सामान्य कुळांच्या वाट्याला ३०,००० एकरांपेक्षाही कमी जमीन आली, तर राजाकडे सुमारे १० लाख आणि सरकारकडे सुमारे १५ लाख एकर राहिली. परकीयांनी हल्ला केला तरी खासगी मालकीची जमीन तरी वाचेल, असा या सुधारणेमागे काही अंशी विचार होता. प्रत्यक्षात विक्रीयोग्य झालेली जमीन ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांच्याकडे सरकत गेली.

साखर आणि जकात

१८७५ मध्ये हवाई आणि अमेरिका यांच्यात परस्पर सवलतीचा करार झाला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली. बदल्यात हवाईने आपले कोणतेही बंदर किंवा भूभाग अन्य सत्तेला न देण्याचे कबूल केले. १८७५ मध्ये सुमारे अडीच कोटी पौंड असलेली साखरेची निर्यात १८९० पर्यंत सुमारे २६ कोटी पौंडांवर पोहोचली. पंधरा वर्षांत दहापट झालेल्या या धंद्यासाठी जमीन, पाणी आणि मजूर यांची सारी व्यवस्था बदलली गेली. मजूर करारबद्ध असत. काम सोडून जाणाऱ्याला १८५० च्या कायद्याने फौजदारी शिक्षा होऊ शकत असे.

एका देशाची जवळपास सगळी निर्यात एकाच बाजारपेठेवर आणि त्या बाजारपेठेच्या एकाच सवलतीवर अवलंबून असणे म्हणजे काय, हे कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी दिसले. १८८७ मध्ये अमेरिकन सेनेटने मुदतवाढीला मान्यता देताना पर्ल हार्बर हे नैसर्गिक बंदर केवळ अमेरिकन आरमाराने वापरावे अशी अट घातली. ती मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. पुढे १८९० मध्ये मॅकिन्ली जकात कायदा आला. त्याने सर्वच देशांच्या कच्च्या साखरेवरील जकात काढून टाकली आणि अमेरिकेत पिकणाऱ्या साखरेला पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले. एका फटक्यात हवाईची सवलत निरर्थक झाली आणि बेटांवर मंदी आली.

येथून सरळ निष्कर्ष काढला जातो की साखरेच्या मळेवाल्यांनी अनुदानासाठी देश अमेरिकेला दिला. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. अमेरिकेत करारबद्ध मजूर आणण्यास १८८५ पासून बंदी होती आणि चिनी मजुरांना १८८२ पासून प्रवेश नव्हता. हवाई अमेरिकेत गेले तर मळ्यांचा सगळा मजूरपुरवठा धोक्यात येणार होता. त्यामुळे बेटांवरील सर्वांत मोठा साखरसम्राट क्लाउस स्प्रेकेल्स हा सामिलीकरणाच्या विरोधात होता, आणि इतर अनेक मळेवाले साशंक होते. उठावाचे नेतृत्व होनोलुलूतील वकील आणि व्यापारी यांनी केले. साखरेने परावलंबन निर्माण केले, पण राज्य घालवण्याचा निर्णय राजकीय होता. राजसत्ता हवाईयनांच्या हाती पुन्हा बळकट होऊ द्यायची नाही, हा त्याचा गाभा होता.

संगिनींची राज्यघटना

हा गाभा १८८७ मध्येच उघड झाला होता. त्या वर्षी ६ जुलै रोजी ‘हवाईयन लीग’ या गुप्त संघटनेने, ‘होनोलुलू रायफल्स’ या सशस्त्र तुकडीच्या बळावर, राजा कालाकाउआ याला नव्या राज्यघटनेवर सही करायला लावली. लोकांनी तिला ‘संगिनींची राज्यघटना’ म्हटले आणि इतिहासातही ते नाव कायम राहिले. तिच्यामुळे राजाचे अधिकार मंत्रिमंडळाकडे गेले. मंत्र्यांना काढण्याचा अधिकारही राजाकडे उरला नाही. वरिष्ठ सभागृहासाठी मत द्यायला ३,००० डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला ६०० डॉलरचे उत्पन्न हवे, या अटीने बहुसंख्य हवाईयन बाहेर पडले. त्याच वेळी येथे राहणाऱ्या अमेरिकन आणि युरोपीय पुरुषांना हवाईचे नागरिक न होताही मताधिकार मिळाला, आणि आशियाई लोकांचा काढून घेतला गेला. कालाकाउआच्या कारभारात उधळपट्टी आणि गैरव्यवहार होते हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी सुधारणेचे नाव घेतले त्यांनी ही घटना ना विधिमंडळापुढे ठेवली, ना लोकांपुढे. १८८९ मध्ये रॉबर्ट विल्कॉक्स याने तिच्याविरुद्ध उठाव केला आणि तो मोडला गेला.

जानेवारी १८९३

कालाकाउआ २० जानेवारी १८९१ रोजी सान फ्रान्सिस्को येथे वारला आणि त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. तिच्याकडे नवी राज्यघटना मागणारे अर्ज येत होते. नोंदणी झालेल्या मतदारांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांची ती मागणी होती असे तिने स्वतः नोंदवले आहे. १४ जानेवारी १८९३ रोजी तिने नव्या घटनेचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवला. त्यात मालमत्तेच्या अटी सैल होत होत्या आणि मताधिकार हवाईच्या प्रजाजनांपुरता राहणार होता. मंत्र्यांनी सही करण्यास नकार दिला, राणीने नाइलाजाने विषय पुढे ढकलला, आणि १६ तारखेच्या सकाळी यापुढे घटनाबदल केवळ घटनेत सांगितलेल्या मार्गानेच होईल असे जाहीर पत्रक काढले. उठावाचे जे कारण दिले जात होते ते त्याच क्षणी संपले होते.

पण थर्स्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १३ जणांची ‘सुरक्षा समिती’ आधीच नेमली होती. तिच्यात एकही मूळ हवाईयन नव्हता. काही सदस्य हवाईचे नागरिक होते, काही अमेरिकन, काही युरोपीय. राणीचा मार्शल चार्ल्स विल्सन याने समितीच्या सदस्यांना अटक करण्याची परवानगी मागितली. रक्तपात होईल या भीतीने मंत्रिमंडळाने ती दिली नाही. इकडे समितीने अमेरिकेचे होनोलुलूतील राजनैतिक वकील जॉन स्टीव्हन्स यांच्याकडे जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी सैन्य मागितले. ‘बॉस्टन’ ही युद्धनौका बंदरात होती. १६ जानेवारीच्या संध्याकाळी तिच्यावरून १६२ नौसैनिक आणि मरीन होनोलुलूत उतरले.

हे सैन्य कोठे ठेवले गेले यावरून त्याचा हेतू ओळखता येतो. अमेरिकन लोकांची घरे आणि दुकाने शहराच्या दुसऱ्या भागांत होती. सैनिकांचा मुक्काम मात्र ‘एरियन हॉल’ येथे, सरकारी कचेरी आणि इओलानी राजवाडा यांच्या अगदी जवळ पडला. पुढे चौकशी अधिकाऱ्याने नेमके यावर बोट ठेवले : मालमत्तेच्या रक्षणासाठी ही जागा गैरसोयीची होती, आणि राणीच्या सैन्याला धाक घालण्यासाठी अत्यंत सोयीची.

१७ जानेवारीच्या दुपारी समितीची माणसे सरकारी कचेरीत शिरली. तेथे तुरळक कारकुनांशिवाय कोणी नव्हते. राजसत्ता संपली असून अमेरिकेशी सामिलीकरणाच्या अटी ठरेपर्यंत हंगामी सरकार कारभार पाहील, असा जाहीरनामा वाचून दाखवला गेला. शस्त्रे नेणारी गाडी अडवताना एक हवाईयन पोलीस गोळी लागून जखमी झाला. दिवसभरातील हा एकच गोळीबार. स्टीव्हन्स यांनी त्याच दुपारी नव्या सरकारला मान्यता देऊन टाकली. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी नंतर दाखवून दिल्याप्रमाणे, त्या वेळी पोलीस ठाणे आणि राजरक्षकांची बराक अजून राणीच्या ताब्यात होती.

राणीने संध्याकाळी जे निवेदन दिले, ते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले पत्र आहे. तिने हंगामी सरकारपुढे शरणागती पत्करलीच नाही. आपण अमेरिकेच्या श्रेष्ठ सैन्यबळापुढे माघार घेत आहोत, जीवितहानी टळावी म्हणून अधिकार सोडत आहोत, आणि वस्तुस्थिती समजल्यावर अमेरिकेचे सरकार आपल्या प्रतिनिधीचे कृत्य रद्द करून आपल्याला पुन्हा गादीवर बसवील तोपर्यंतच हे लागू आहे, असे तिने लिहिले. पन्नास वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, ब्रिटिश आरमाराचा अधिकारी जॉर्ज पॉलेट याने बेटे बळकावली होती, तेव्हा कामेहामेहा तिसरा याने हाच मार्ग धरला होता आणि ब्रिटनने पाच महिन्यांत राज्य परत केले होते. राणीचा हिशेब भाबडा नव्हता. तो स्वतःच्या देशाच्या अनुभवावर आधारलेला होता. यावेळी समोरची सत्ता वेगळी निघाली.

न्याय मान्य झाला, मिळाला नाही

हंगामी सरकारचे पाच आयुक्त १९ जानेवारीलाच जहाजाने वॉशिंग्टनकडे निघाले. राणीच्या दूतांना त्या जहाजावर जागा नाकारली गेली. आपली बाजू आधी पोहोचावी याची घेतलेली ही काळजी परिणामकारक ठरली. स्टीव्हन्स यांनी १ फेब्रुवारीला हवाईवर अमेरिकन झेंडा उभारला आणि त्याच दिवशी आपल्या सरकारला कळवले की हवाईचे फळ आता पूर्ण पिकले असून ते तोडण्याची हीच सुवर्णघडी आहे. १४ फेब्रुवारीला सामिलीकरणाच्या तहावर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मावळते राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी तो सेनेटकडे पाठवला. राज्य उलथल्यापासून तह होईपर्यंत चारच आठवडे गेले होते.

४ मार्चला ग्रोव्हर क्लीव्हलँड सत्तेवर आले आणि पाच दिवसांत त्यांनी तो तह मागे घेतला. जेम्स ब्लाउंट यांना चौकशीसाठी पाठवले गेले. त्यांनी अमेरिकन झेंडा उतरवला, सैन्य जहाजावर परत पाठवले आणि जुलैमध्ये अहवाल दिला की स्टीव्हन्स यांच्या संगनमताशिवाय हा उठाव शक्यच नव्हता. क्लीव्हलँड यांनी १८ डिसेंबर १८९३ च्या संदेशात अमेरिकन सैन्याचे होनोलुलूवरील पाऊल हे युद्धकृत्य होते असे स्पष्ट शब्दांत म्हटले. एखाद्या बलाढ्य देशाच्या प्रमुखाने आपल्याच देशाविषयी, घटनेच्या त्याच वर्षी, इतके उघड बोलणे दुर्मीळ आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

तरीही त्यांचे धोरण अपयशी ठरले आणि त्याला त्यांचा स्वतःचा संकोच कारणीभूत होता. नवे वकील आल्बर्ट विलिस यांनी राणीला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी उठाव करणाऱ्यांना माफी देण्याची अट घातली. राणीने प्रथम नकार दिला. ती शिरच्छेदाची भाषा बोलली असे विलिस यांनी कळवले, जे तिने नाकारले. महिनाभराने तिने माफी मान्य केली. पण त्याच दिवशी क्लीव्हलँड यांनी सारे प्रकरण संसदेकडे सोपवून हात मोकळे केले होते. डोल यांनी २३ डिसेंबरला उत्तर दिले की हवाईच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करण्याचा अमेरिकेला अधिकार नाही. अमेरिकन बंदुकांच्या आधाराने बसलेले सरकार हे सांगत होते, आणि ते हटवायला बळ वापरण्याची क्लीव्हलँड यांची तयारी नव्हती. फेब्रुवारी १८९४ मध्ये सेनेटर मॉर्गन यांच्या समितीने ब्लाउंट यांच्या उलट निष्कर्ष काढला आणि जवळपास सर्व दोष राणीवर टाकला. संसदेत एकमत उरले नाही.

सामिलीकरण लांबले म्हणून ४ जुलै १८९४ रोजी ‘हवाईचे प्रजासत्ताक’ जाहीर झाले. त्याच्या घटनेतच पहिले अध्यक्ष म्हणून डोल यांचे नाव लिहिलेले होते. मतदाराला राजसत्तेच्या पुनःस्थापनेला मदत न करण्याची शपथ घ्यावी लागे, म्हणून बहुसंख्य हवाईयनांनी मतदान नाकारले. जानेवारी १८९५ मध्ये राणीच्या समर्थकांचा सशस्त्र उठाव फसला. राणीला अटक झाली, तिच्याकडून राज्यत्यागाच्या पत्रावर सही घेतली गेली, आणि तिच्याच जुन्या सिंहासनाच्या दालनात लष्करी न्यायमंडळापुढे तिला उभे करण्यात आले. सहीच्या बदल्यात समर्थकांचे प्राण वाचतील असे सांगण्यात आले होते, असे तिने पुढे लिहिले. पाच वर्षे सक्तमजुरी आणि ५,००० डॉलर दंड ही शिक्षा प्रत्यक्षात राजवाड्याच्या एका खोलीतील काही महिन्यांच्या कैदेत बदलली गेली.

सह्यांचा विजय

१८९७ मध्ये विल्यम मॅकिन्ली राष्ट्राध्यक्ष झाले आणि १६ जूनला सामिलीकरणाचा दुसरा तह सेनेटपुढे आला. अमेरिकन घटनेप्रमाणे तहाला उपस्थित सेनेटरांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. हवाईत ‘हुई अलोहा आइना’, म्हणजे देशप्रेमी संघ, या संघटनेच्या पुरुष आणि स्त्री शाखांनी सह्यांची मोहीम उभारली. जेम्स काउलिया हे पुरुष शाखेचे अध्यक्ष, आणि अबिगेल कुआइहेलानी कॅम्पबेल स्त्री शाखेच्या. कॅम्पबेल आणि एमा नावाही या दोघी हवाई बेटावरील हिलोला गेल्या, तर इतर कार्यकर्ते बाकीच्या बेटांवर गावोगाव फिरले. पुरुषांच्या सह्या वेगळ्या पानांवर, स्त्रियांच्या वेगळ्या, असे ५५६ पानांचे निवेदन तयार झाले. एकूण सह्या २१,२६९. आदल्या वर्षीच्या शिरगणतीत मिश्र वंशाचे धरून हवाईयनांची संख्या, लहान मुलांसह, सुमारे ३९,५०० होती. या दोन आकड्यांपुढे लोकांची संमती होती की नव्हती हा वाद उरत नाही.

‘हुई कालाइआइना’ या दुसऱ्या संघटनेने राजसत्ता परत आणावी अशी मागणी करत सुमारे १७,००० सह्या वेगळ्या जमवल्या होत्या. काउलिया, डेव्हिड कालाउओकलानी, जॉन रिचर्डसन आणि विल्यम ऑल्ड हे चार प्रतिनिधी डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनला पोहोचले, तेव्हा राणीही तेथेच होती. सर्वांनी विचार करून ठरवले की सेनेटपुढे केवळ सामिलीकरणविरोधी निवेदन ठेवायचे. राजसत्तेच्या मागणीमुळे आपल्यात दोन तट असल्याचे दिसू द्यायचे नाही. स्वतःच्या मोठ्या मागणीला बाजूला सारून नेमक्या प्रश्नावर बोट ठेवणे, ही उच्च दर्जाची राजकीय समज होती. मॅसॅच्युसेट्सचे सेनेटर जॉर्ज होअर यांनी ते निवेदन सभागृहात मांडले. प्रतिनिधी एकेका सेनेटरला भेटत राहिले. ते आले तेव्हा तहाच्या बाजूने ५८ मते असल्याचे सांगितले जात होते. फेब्रुवारी १८९८ च्या अखेरीस ते परत निघाले तेव्हा ४६ उरली होती. सुमारे ६० मतांची गरज होती. तह बुडाला.

ठराव

प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये असतानाच १५ फेब्रुवारीला हवाना बंदरात अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका स्फोटाने बुडाली होती. एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाले, १ मे रोजी कमोडोर ड्यूई यांनी मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार नष्ट केले, आणि फिलिपिन्सकडे जाणारे अमेरिकन सैन्य होनोलुलूत थांबून कोळसा घेऊ लागले. प्रशांत महासागराच्या मधोमध कोळशाचे ठाणे हवे, हा आल्फ्रेड मॅहन यांच्यासारख्या आरमारी विचारवंतांचा कित्येक वर्षांचा मुद्दा आता तातडीचा बनला. बेटांवर जपानी लोकांची संख्या १८९६ मध्ये २४,००० च्या वर गेली होती आणि १८९७ मध्ये जपानने ‘नानिवा’ ही युद्धनौका होनोलुलूला पाठवली होती, त्या भीतीचाही वापर झाला. वास्तविक कोळसा घेण्यासाठी बेटे खालसा करण्याची गरज नव्हती. डोल सरकार तो देतच होते आणि पर्ल हार्बरचा हक्क करारानेच मिळालेला होता.

तहाला दोन तृतीयांश मते मिळत नाहीत म्हणून कनिष्ठ सभागृहाचे सदस्य फ्रान्सिस न्यूलँड्स यांच्या नावाचा संयुक्त ठराव आणला गेला, ज्याला दोन्ही सभागृहांत साधे बहुमत पुरत होते. सभापती थॉमस रीड यांचा विरोध असूनही कनिष्ठ सभागृहात तो १५ जूनला २०९ विरुद्ध ९१ मतांनी आणि सेनेटमध्ये ६ जुलैला ४२ विरुद्ध २१ मतांनी संमत झाला. निवेदन मांडणारे होअरही अखेर ठरावाच्या बाजूने गेले, याचे मला वाईट वाटते. प्रत्यक्ष मतदान करणाऱ्यांत ४२ हे बरोबर दोन तृतीयांश होतात, तेव्हा तहही संमत झाला असता असा युक्तिवाद करता येतो. परंतु युद्धापूर्वी जी मते नव्हती म्हणून तह मतदानालाच आणला गेला नाही, तीच गोष्ट निर्णायक आहे. टेक्ससला १८४५ मध्ये अशाच ठरावाने घेतले होते हा पूर्वाधार दिला गेला. पण टेक्सस राज्य म्हणून संघात आले होते आणि तेथील मतदारांनी त्याला मान्यता दिली होती. हवाईत लोकांचे मत कधी घेतलेच नाही.

एका देशाच्या संसदेचा ठराव दुसऱ्या देशाच्या भूमीवर कसा चालतो, हा प्रश्न तेव्हा सेनेटमध्ये विचारला गेला होता. १९८८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाच्या कायदेविषयक सल्लागार कार्यालयानेच एका अभिप्रायात लिहिले की हवाई घेताना संसदेने घटनेतील कोणता अधिकार वापरला हे स्पष्ट होत नाही.

जमीन

१२ ऑगस्ट १८९८ रोजी इओलानी राजवाड्यासमोर हवाईचा झेंडा उतरला. डोल सरकारने राजाच्या आणि सरकारच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी अमेरिकेला दिल्या; मोबदल्यात अमेरिकेने हवाईचे ४० लाख डॉलरपर्यंतचे कर्ज स्वतःवर घेतले. १९०० च्या कायद्याने हवाई हा अमेरिकेचा प्रदेश झाला आणि करारबद्ध मजुरी बंद झाली. मळेवाल्यांची जुनी भीती खरी ठरली, पण उपायही त्याच साम्राज्याने दिला : १९०६ पासून फिलिपिनो मजूर आणले जाऊ लागले, कारण फिलिपिन्सही आता अमेरिकेच्याच ताब्यात होते. १८९६ च्या कायद्याने शाळांतून हटवलेली हवाईयन भाषा पुढच्या दोन पिढ्यांच्या तोंडून जवळपास गेली. तिला पुन्हा अधिकृत दर्जा मिळाला तो १९७८ मध्ये.

लिलिउओकलानी हिने राजघराण्याच्या जमिनींसाठी अमेरिकेच्या दावे न्यायालयात दाद मागितली. १९१० मध्ये तो दावा फेटाळला गेला, आणि ११ नोव्हेंबर १९१७ रोजी ती वारली. १९५९ मध्ये हवाई पन्नासावे राज्य झाले. त्या वेळच्या जनमतात ९० टक्क्यांहून अधिक मते राज्य होण्याच्या बाजूने पडली, पण मतपत्रिकेवर स्वातंत्र्याचा पर्याय नव्हता. २१,२६९ सह्यांचे निवेदन १९९६ मध्ये अभ्यासक नोएनोए सिल्व्हा यांना वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले, आणि आपल्या आजी-पणजीची सही पाहायला हवाईत लोकांची गर्दी लोटली. त्याआधी, २३ नोव्हेंबर १९९३ रोजी, अमेरिकन संसदेने राज्य उलथण्यातील आपल्या सहभागाबद्दल मूळ हवाईयनांची माफी मागणारा ठराव केला होता आणि त्यांनी आपल्या सार्वभौमत्वावरील हक्क कधीही थेट सोडला नव्हता हे त्यात नोंदवले होते. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या ठरावाच्या आधारे या जमिनींची विक्री थांबवली. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला आणि माफीच्या प्रास्ताविक वाक्यांनी जमिनीवरील हवाई राज्य सरकारचा अधिकार बदलत नाही असे ठरवले.

त्या जमिनींचा प्रश्न अजून खुला आहे. हवाई बेटावरील पोहाकुलोआ येथे अमेरिकन लष्कराच्या सरावासाठी सुमारे २३,००० एकर राज्याची जमीन १९६४ मध्ये ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. संपूर्ण मुदतीचे भाडे १ डॉलर होते. हा भाडेपट्टा २०२९ मध्ये संपतो.